चारशे बारा पानं, एक हरकत

लोकरीच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की मावशीचा हात आधी लोकरीकडे जात नसे, वहीकडे जात असे. काळ्या कापडी पुठ्ठ्याच्या तीन जाडजूड वह्या तिच्या स्टुलामागच्या फळीवर उभ्या असत. एका माणसाला एक पान. वर नाव, पत्ता, छातीचं माप, बाहीचं माप. खाली मावशीच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरातले शेरे. गिऱ्हाईक पायपुसण्यावर पाय पुसून आत येईपर्यंत मावशीनं पान काढून वाचलेलं असे, आणि मग मान वर करून ती म्हणे, "या. धाकटीचा कान दुखायचा थांबला का?" गिऱ्हाइकाला वाटे, बाईची आठवण काय दांडगी आहे.

आठवण कसली, वही होती ती. तीस वर्षांपूर्वी दुकान उघडलं त्याच हिवाळ्यात मावशीनं एका तरुण बाईला हसतहसत विचारलं होतं, "बाळाला टोपी झाली का बरोबर?" बाळ राहिलं नव्हतं. हातातली लडी तिनं फळीवर ठेवली आणि ती निघून गेली, आणि पुन्हा कधी दुकानाची पायरी चढली नाही. त्याच संध्याकाळी मावशीनं पहिली वही आणली. कुणाला काय विचारावं आणि कुणाला काय विचारू नये, एवढं सगळं साठवायला आपलं डोकं भरवशाचं नाही, हे तिनं त्या दिवशी कायमचं ठरवून टाकलं.

तेव्हा अशा वह्या सगळ्यांच्याच असत. औषधवाल्याकडे असे, शिंप्याकडे असे, चपला शिवणाऱ्याकडे तर पायांचे कागदी छाप असत, अंगठ्याच्या कुरुपासकट. आपल्याविषयी कुणी काय लिहून ठेवलंय असं विचारायचं कुणाच्या मनातही येत नसे. दुकानदाराला माहीत असायचंच, त्यासाठीच तर त्याच्याकडे जायचं.

पण काळ बदलला, आणि तो बदलल्याची बातमी लोकरगिरणीच्या माणसानं आणली.

गिरणीनं नवी मऊ लोकर काढली होती. ती या भागात एकाच दुकानात ठेवायची, असं ठरलं होतं. एकतर मावशीच्या, नाहीतर चौकातल्या काचेच्या दारांच्या मोठ्या दुकानात. गिरणीची मागणी साधी होती. दुकानाच्या गिऱ्हाइकांची नावं आणि पत्ते द्या, आम्ही त्यांना घरी रंगांची कार्डं पाठवू.

"देऊ की," मावशी म्हणाली.

"तसं नाही देता येत आता," गिरणीचा माणूस म्हणाला. "कायदा आलाय. जाहिरातीसाठी गिऱ्हाइकाची माहिती दुसऱ्या धंद्याला द्यायची तर आधी सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. कागद करा, महिन्याअखेर शिक्का मारून आणा, म्हणजे लोकर तुमची."

दुकान आता मावशीची भाची बघत असे. भाचीनं नमुना क्रमांक चार आणला आणि दोन दिवस बसून भरला. तुमच्याकडे गिऱ्हाइकांची काय माहिती आहे, ती कुणाला देणार, कशासाठी देणार. शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याची स्वतःची नोंद दाखवून, 'चालेल' किंवा 'चालणार नाही' यापुढे खूण करून घेऊन, सही घ्यायची. फक्त सातवा रकाना राहिला होता: 'ठेवलेल्या माहितीचे संपूर्ण स्वरूप, नमुना जोडावा.'

"इथं वहीचं एक कोरं पान जोडायचं, मावशी," भाची म्हणाली. "वर नाव, पत्ता, माप असे मथळे लिहायचे. झालं. मी जरा दात दाखवून येते, मग आपण कचेरीत जाऊ."

भाची दातांच्या डॉक्टरकडे गेली आणि तिथं अडकली. मावशीनं सातवा रकाना चष्मा लावून वाचला. संपूर्ण, असं लिहिलं होतं. आता ज्या बाईनं आयुष्यात कुणाला स्वेटरसाठी एक गोळा कमी दिला नाही, त्या बाईला संपूर्ण म्हणजे संपूर्णच समजणार. तिनं तिन्ही वह्या पिशवीत घातल्या, झेरॉक्सवाल्याकडे नेल्या, चारशे बारा पानांच्या प्रती काढल्या, आणि कचेरी बंद व्हायच्या आत एकटीनं जाऊन अर्ज दाखल केला. झेरॉक्सवाला प्रती काढताकाढता मधूनच खुदकन हसत होता. मावशीला वाटलं, यंत्राशी काही गंमत चालली असेल त्याची.

भाची परतली तेव्हा मावशीनं शिक्के मारून परत मिळालेला प्रतींचा गठ्ठा फळीवर ठेवला आणि अभिमानानं पोचपावती पुढे केली. भाचीनं ती वाचली: 'जोडपत्रे चारशे बारा, प्रत्येकावर शिक्का.' तिनं आकड्यावर बोट ठेवलं.

"मावशी, शेऱ्यांसकट दिलंस?"

"संपूर्ण मागितलं होतं."

"अगं, आता कायद्यानं प्रत्येकाला हे शिक्का मारलेलं पान दाखवावं लागणार. शेऱ्यांसकट. त्यातलं एक अक्षर खोडता येत नाही. खोडलं तर गुन्हा." गाल सुजलेला असल्यामुळे भाचीचं बोलणं बोबडं येत होतं, पण अर्थ मावशीपर्यंत नीट पोचला.

"मग दाखवू," ती शेवटी म्हणाली. "मी खोटं काही लिहिलेलं नाही."

"तीच तर पंचाईत आहे," भाची म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात जी गर्दी उसळली तशी कडाक्याच्या थंडीतही कधी उसळली नव्हती. झेरॉक्सवाल्यानं तोंड उघडलं होतं. प्रत्येकाला आपलं पान बघायचं होतं, आणि त्याहून जास्त शेजाऱ्याचं. पण शेजाऱ्याचं बघायला कायद्यानं मनाई होती, म्हणून लोक आपलं बघून झालं की दाराशी रेंगाळत आणि पुढच्याचा चेहरा बघत.

पहिला आला बेकरीवाला. त्याच्या पानावर होतं, 'छाती चव्वेचाळीस. स्वतः चाळीस सांगतो. चव्वेचाळिसाची लोकर द्यावी आणि चाळिसाची म्हणावं.' बेकरीवाल्यानं दोनदा वाचलं, पोटावरून हात फिरवला.

"म्हणजे अठरा वर्षं मला वाटतंय की माझं माप बदललेलं नाही."

"बदललेलं नाहीच," मावशी म्हणाली. "तेव्हापासून चव्वेचाळीसच आहे."

दुकान हसलं, बेकरीवालाही हसला आणि त्यानं 'चालेल'पुढे खूण केली. त्यानंतर भाचीचे दातांचे डॉक्टर आले. 'हिरवी म्हणून करडी नेतो. रंग कळत नसावेत. बोलू नये. लडीला रंगाच्या नावाची चिठ्ठी बांधून द्यावी.' डॉक्टर चिठ्ठ्यांना इतकी वर्षं दुकानाची शिस्त समजत होते. एका बाईच्या पानावर होतं, 'शेजारणीनं काय नेलं ते विचारते. सांगू नये. पण तोच रंग वर ठेवावा.' ती बाई फणकाऱ्यानं सही न करता गेली, आणि तासाभरानं परत येऊन म्हणाली, "शेजारणीनं सही केली का?"

सगळंच काही हसण्यावारी गेलं नाही. शाळेतल्या ग्रंथपाल बाईंनी आपलं पान खिडकीशी उभं राहून वाचलं. 'नवऱ्यासाठीचं स्वेटर अर्धं विणून राहिलं. तो गेला. तांबडी लोकर दाखवू नये.' त्यांनी पान हळूच घडी करून परत दिलं. "म्हणून नऊ वर्षांत तुम्ही मला तांबडी लोकर कधी दाखवली नाहीत होय," त्या म्हणाल्या. "आता दाखवली तरी चालेल." मावशीनं उठून तांबडी लडी काढली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला वाटलं, की झालं ते काही अगदीच वाईट झालं नाही.

तरीपण चारशे अकरा पानं वरखाली होत असताना एक पान ती पुन्हापुन्हा तळाशी सारत होती.

ते पान पोस्टिणीचं होतं. पोस्टीण म्हणजे पोस्टाच्या खिडकीवर तीस वर्षं बसलेली, आता सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेली, मावशीची मैत्रीण. खिडकी साडेतीनला बंद होई आणि चारच्या ठोक्याला पोस्टीण दुकानात येई, कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसे, आणि पाचपर्यंत जगातल्या चुकीच्या पत्त्यांबद्दल बोले. निवृत्तीनंतरही चारची वेळ तिनं सोडली नव्हती. तिला कागदपत्रांचा नाद होता. लोकांचे फॉर्म भरून द्यायची हौस अशी, की रिकामा रकाना दिसला तर तिचे हात शिवशिवत. आणि दर हिवाळ्यात ती नवऱ्यासाठी एक स्वेटर विणून आणे, मावशीसमोर दोन्ही हातांनी ताणून धरे आणि विचारे, "बोल, कसं झालंय?"

"झकास," मावशी म्हणे.

पान वेगळंच बोलत होतं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता पोस्टीण आली आणि खुर्चीत न बसता हात पुढे करून उभी राहिली.

"सगळ्या गावाला पानं मिळाली. माझं कुठंय?"

"तुझं काय बघायचंय? नाव, पत्ता, माप."

"अगं, मला का शिकवतेस? नमुना चार, कलम तीन, नोंद दाखवणं बंधनकारक. काढ."

भाचीनं निष्पापपणे तळातलं पान काढून दिलं. तिला बिचारीला त्यावर काय आहे हे माहीत नव्हतं. पोस्टिणीनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि तीस वर्षं परक्यांची पत्रं जशी वाचायची टाळली होती तशी न टाळता, सावकाश, वरून खाली वाचलं.

'पोस्टातली. विणकाम वाईट. टाके कुठे घट्ट, कुठे सैल, डावी बाही लांब. तोंडावर स्तुती केली.'

त्याखाली पुढचं वर्ष. 'यंदाही तसंच. स्तुती केली.' त्याच्या पुढचं वर्ष. 'गळा वाकडा. स्तुती केली.' मग, 'स्तुती केली.' मग, 'दोन्ही बाह्या लांब, म्हणजे सुधारणा. स्तुती केली.' एका वर्षी फक्त, 'मनगट मोडलं. विणलं नाही. फळं घेऊन गेले.' आणि पुन्हा, 'स्तुती केली.'

पोस्टीण ओठ हलवत मोजत होती.

"एकोणतीस," ती म्हणाली. "एकोणतीस वेळा 'स्तुती केली' लिहिलंयस."

"अगं, ऐक—"

"तारखा पण घातल्यायस."

तिनं पान भाचीच्या हातात परत दिलं. 'चालेल'पुढे खूण नाही, 'चालणार नाही'पुढेही नाही. पिशवी उचलली आणि ती निघून गेली. चार वाजून सात मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी चारला ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मावशी चार वाजले की वेताच्या खुर्चीकडे बघे, मग उगाचच उठून तिच्यावरची धूळ पुसे, तिच्यावर लडी ठेवे आणि परत उचले. कुणी गिऱ्हाईक त्या खुर्चीत टेकायला गेलं तर म्हणे, "ती मोडलीय जरा." खुर्ची चांगली ठणठणीत होती.

चौथ्या दिवशी पोस्टीण आली नाही, तिचं पत्र आलं. सरकारी. कचेरीतून. 'आपल्या नोंदवहीतील माहिती चुकीची असल्याबाबत ग्राहकाची हरकत प्राप्त झाली आहे. हरकतीचा निकाल लागेपर्यंत आपला अर्ज स्थगित ठेवण्यात येत आहे. गुरुवारी अकरा वाजता वहीसह हजर राहावे.' सोबत जोडलेला तिचा हरकतीचा अर्ज इतका नेटका भरलेला होता की कचेरीतल्या कुणीतरी कडेला पेन्सिलीनं बरोबरची खूण केली होती.

भाचीनं कपाळाला हात लावला. "गुरुवारी म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. मावशी, हे बघ, सोपं आहे. तू म्हणायचं, नोंद चुकीची आहे, माझी चूक झाली. साहेब ओळ खोडतील, काकू खूश, आपला शिक्का आपल्या हातात."

"आणि विणकाम चांगलं आहे असं लिहून देऊ?"

"एक सही गं. एकोणतीस वेळा तोंडानं म्हणालीस, तिसाव्यांदा लिहून दे."

लोकर कुठल्या दुकानात जाते याचं मावशीला त्या क्षणी फारसं काही वाटत नव्हतं. चारची वेळ परत मिळेल की नाही, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं. आणि खोटी सही करून ती मिळेल असं तिला काही केल्या वाटेना.

गुरुवारी अकराला दोघी कचेरीत गेल्या. लांबट खोली, भिंतीला लागून कपाटं, कपाटांवर फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि खिडकीशी एक टेबल, ज्याच्या काचेखाली जुन्या पावत्या, एक दिनदर्शिका आणि कुणाच्या तरी लहानपणीचा फोटो होता. टेबलामागे अधिकारी. चाळिशीचा, सडपातळ, शिंकणारा माणूस. पोस्टीण आधीच येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. मांडीवर कागदी पिशवी. तिनं मावशीकडे बघितलं नाही. मावशीनं मात्र पाहिलं, तिच्या पायांत मोजे नव्हते, आणि कचेरीची फरशी गार होती.

"हरकत वाचतो," अधिकारी म्हणाला आणि शिंकला. "'विणकाम वाईट' ही नोंद. पुरावा काही आणला आहे का?"

पोस्टिणीनं पिशवीतून स्वेटर काढून टेबलावर ठेवलं. मातकट रंगाचं, मोठं, नवऱ्याच्या अंगावरून उतरवून आणल्यासारखं. अधिकाऱ्यानं ते उचललं, मागून बघितलं, पुढून बघितलं. तपासणीची पद्धत नियमांत दिलेली नसावी. शेवटी तो उभा राहिला आणि त्यानं ते डोक्यातून अंगात घातलं. उजवा हात मनगटाशी बाहेर आला. डावा हात आलाच नाही.

तो नसलेल्या हाताकडे थोडा वेळ बघत राहिला. भाचीनं तोंडाला रुमाल लावला.

"ऊबदार आहे," अधिकारी सावधपणे म्हणाला. थंडी वाजत असावी, त्यानं ते काढलं नाही. बाही दुमडत तो मावशीकडे वळला. "आपलं म्हणणं काय? नोंद चुकीची होती असं आपण मान्य केलंत, तर मी आत्ता खोडतो आणि हरकत निकाली काढतो. अर्जावर शिक्का लगेच."

भाचीनं मावशीला कोपरानं ढोसलं.

"थांबा साहेब," पोस्टीण म्हणाली. "मला ती खोडून नकोय."

"मग हरकत कशाला घेतलीत?"

"मला कळायला हवं की खरं कुठलं. वहीतलं, का तोंडातलं. दोन्ही एका माणसाचं आहे. एकोणतीस वर्षं."

अधिकाऱ्यानं नियमांचं पुस्तक चाळलं. "तोंडातलं आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही."

"मग वहीतलंच विचारा तिला."

खोलीत पंखा फिरत नव्हता, कारण थंडी होती, त्यामुळे फार शांत वाटलं. मावशीनं एकदा भाचीकडे बघितलं, एकदा काचेखालच्या फोटोकडे, आणि मग बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे.

"वहीतलं खरं," ती म्हणाली. "तुला विणता येत नाही गं. कधीच आलं नाही."

भाचीनं डोळे मिटून घेतले. लोकर चौकात गेली असं तिला वाटलं. पोस्टीण मात्र हलली नाही.

"लिहून घ्या साहेब," ती म्हणाली. "आणि पाचवा रकाना भरून घ्या तिच्याकडून. 'माहिती बाळगण्याचे कारण.' हिच्या अर्जात सगळ्यांसाठी मिळून 'धंद्यासाठी' लिहिलंय. माझ्या पानासाठी ते चालणार नाही. 'चांगलं विणतेस' म्हणत मला लोकर खपवली असं असेल, तर तसं लिही म्हणावं."

"असं नव्हतं," मावशी म्हणाली.

"मला नको सांगू. रकान्यात लिही."

अधिकाऱ्यानं कागद पुढे सरकवला आणि पेन दिलं. मावशीनं पेन हातात घेतलं. तिला पहिला हिवाळा आठवला. दुकान नवं होतं, वीस रंग आणून ठेवले होते, आणि दुपार कलली की समोरच्या घराची सावली उंबऱ्यातून आत येऊन बसे, माणूस मात्र येत नसे. चार ते पाच हा तास सरता सरत नसे. एके दिवशी त्या सावलीवर पाय देऊन पोस्टाच्या गणवेशातली एक बाई आत आली होती आणि म्हणाली होती, मला काहीतरी विणायचंय, काय ते तुम्ही सांगा. मग महिन्याभरानं तिनं ते वाकडंतिकडं स्वेटर ताणून धरलं होतं.

मावशीनं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच बारीक, उजवीकडे कललेलं. अधिकाऱ्यानं कागद उचलून मोठ्यानं वाचला, कारण तसा नियम होता.

"'खरं सांगितलं तर ती यायची थांबेल, अशी भीती वाटली.'" त्यानं नियमांचं पुस्तक उघडलं. "हे कारण मान्य कारणांच्या यादीत नाही. यादीत विक्री, सेवा, दुरुस्ती आणि इतर, एवढीच आहेत."

"मग इतर धरा," भाची हळूच म्हणाली.

पोस्टीण उठली, टेबलाशी आली आणि तो कागद तिनं स्वतः वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मग मावशीकडे पहिल्यांदा बघितलं.

"तुला माहितीये, मला विणायचा किती कंटाळा आहे?"

मावशीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"बोटं दुखतात. टाके मोजताना झोप येते. पहिलं स्वेटर झालं तेव्हाच मी ठरवलं होतं, हे आपलं काम नव्हे. पण तू इतकं झकास म्हणालीस, म्हटलं, बाईनं हौसेनं शिकवलंय, हिला वाईट वाटेल. म्हणून दुसरं विणलं. तू परत झकास म्हणालीस." ती बाकावर बसली, या वेळी मावशीच्या शेजारी. "मनगट मोडलं ना, त्या वर्षी मी सुटल्यासारखी बसले होते घरी. आणि तू फळं घेऊन आलीस आणि म्हणालीस, पुढच्या वर्षी दोन विण."

"धीर द्यायला म्हणाले होते."

"एकोणतीस स्वेटर. माझ्या नवऱ्यानं ती सगळी घातली. त्याच्या कचेरीत त्याला काय म्हणायचे ते मी इथं सांगत नाही, साहेब बसलेत."

साहेबांनी दुमडलेली डावी बाही टेबलाखाली घेतली.

मावशीला हसू येऊ लागलं. आधी पोटात, मग खांद्यांत. ते दाबायला तिनं पदराचं टोक तोंडात धरलं, पण पोस्टिणीचे खांदे तिच्याही आधी हलायला लागले होते. दोघी म्हाताऱ्या त्या गार बाकावर एकमेकींना टेकून इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतली टंकलेखिका दारात येऊन उभी राहिली. अधिकाऱ्यानं तिला हातानं जा म्हणून खुणावलं, तर डाव्या बाहीची घडी उलगडली आणि लोंबत राहिली, आणि मग टंकलेखिकाही गेली नाही.

हसणं ओसरल्यावर अधिकाऱ्यानं हरकतीवर 'समजुतीने निकाली' असं लिहिलं आणि भाचीच्या अर्जावर धाडकन शिक्का मारला. तीनशे सत्तावन्न जणांनी 'चालेल' म्हटलं होतं, गिरणीला तेवढ्यांची नावं देता येणार होती. भाची फोन करायला बाहेर पळाली.

पोस्टिणीनं आपल्या पानावर 'चालणार नाही'पुढे खूण केली. "मला कार्डं नको पाठवायला सांग. लोकर बघितली तरी अंगावर काटा येतो माझ्या." मग ती अधिकाऱ्याकडे वळली. "त्या पाचव्या रकान्याची प्रत मिळेल का?"

"प्रतीसाठी नमुना अकरा भरावा लागेल."

"द्या."

तिनं नमुना अकरा घेतला तेव्हा तिचा चेहरा उजळला, अगदी पूर्वी पोस्टाच्या खिडकीत कुणी कोरा फॉर्म घेऊन आलं की उजळायचा तसा. ती भराभर रकाने भरू लागली. मावशी शेजारून बघत होती.

"'माहिती बाळगणाऱ्याशी नाते,'" पोस्टिणीनं वाचलं. "ग्राहक, कर्मचारी, नातेवाईक, इतर."

"इतर लिही," मावशी म्हणाली. "आणि पुढे काय ते लिही."

"ग्राहक लिहिणार."

"अगं, तीस वर्षांची—"

"ग्राहक लिहिलं की कायद्यानं तुला माझ्याबद्दल जे वाटतं ते दाखवावं लागतं. मैत्रिणीला दाखवायचा कायदा आहे का, साहेब?"

"तसा नमुना अजून निघालेला नाही," अधिकारी म्हणाला.

"निघाला की कळवा." तिनं ग्राहक या शब्दाभोवती ठसठशीत गोल काढला आणि सही ठोकली.

मावशीनं पेनाचं टोपण लावायला घेतलं. "आज चारला येशील?" तिनं टोपणाकडेच बघत विचारलं.

"येईन," पोस्टीण म्हणाली. "पण हातात सुया दिल्यास, तर आपली पुढची भेट पुन्हा याच टेबलावर."